दोघांनी समुपदेशनाला कसे जावे: साक्षगंधापासून कुटुंब न्यायालयापर्यंत

नागपुरात नवरा-बायकोचे बिनसले की बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. आधी पंधरा-वीस दिवसांचा अबोला, मग ‘चार दिवस माहेरी जाऊन येते’ म्हणून भरलेली बॅग, मग दोन्हीकडचे काका-मामा आणि लग्न जुळवणारे मध्यस्थ यांची बैठक, ती फिसकटली की पोलिसांकडे अर्ज, नंतर वकील आणि सगळ्यात शेवटी, न्यायालयाने पाठवले म्हणून, समुपदेशक. या वाटेने आलेल्या जोडप्यांबरोबर काम करणे मला सर्वांत अवघड जाते, कारण तोवर ते भांडण दोघांचे उरलेले नसते; त्यात दहा माणसांचे शब्द आणि मानापमान अडकलेले असतात.

दुसरी चूक कमी दिसते, पण तितकीच महाग पडते. समुपदेशनाचे काम नात्याच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळे असते. साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधी, ते माहिती आणि निर्णयाचे असते, लग्नाच्या पहिल्या वर्षांत बोलण्या-ऐकण्याच्या सवयीचे, बाळ झाल्यावर प्रकृतीचे आणि झोपेचे, तर वेगळे होण्याच्या वेळी वाटाघाटीचे. आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे न ठरवता गेलेले जोडपे तीन भेटींत कंटाळते आणि ‘आम्ही कौन्सेलिंगपण करून पाहिले’ असे आयुष्यभर सांगत राहते. पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्याव्यात. विशेषतः पहिली पायरी ओलांडून पुढे जाऊ नये.

पायरी १: आधी सुरक्षितता, आजार आणि व्यसन पाहा

एकत्र समुपदेशन सुरू करण्यापूर्वी तीन शक्यता तपासून बाजूला काढाव्या लागतात.

पहिली शक्यता हिंसेची. मारहाण, जिवाची धमकी, शरीरसंबंधाची जबरदस्ती, पगार किंवा फोन काढून घेणे, माहेरच्यांशी बोलू न देणे, यांपैकी काहीही घरात चालू असेल तर दोघांनी एकत्र बसणे हा उपाय नाही. समुपदेशकाच्या खोलीत धीर करून बोललेले एक वाक्य परतीच्या वाटेवर, गाडीवर मागे बसलेल्या बाईकडून वसूल केले जाते. अशा वेळी आधी एकटीने मदत घ्यावी. तातडीच्या प्रसंगी ११२, महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत, आणि नागपूर पोलिसांचा भरोसा सेल अशा तक्रारींसाठीच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ यात शारीरिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक, लैंगिक आणि आर्थिक छळही मोडतो, आणि संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

दुसरी शक्यता आजाराची. कित्येक आठवडे न लागणारी झोप, कशातच मन नसणे, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा, विनाकारण संशय ही भांडणाची कारणे वाटतात, पण ती आजाराची लक्षणे असू शकतात. आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, कोराडी रस्त्यावर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला एकटे सोडू नये आणि पुढच्या सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये.

तिसरी शक्यता दारूची किंवा अन्य व्यसनाची. रोज पिणाऱ्याशी नात्याविषयी झालेला करार संध्याकाळी सात वाजेपर्यंतच टिकतो, म्हणून व्यसनावरचे उपचार आधी किंवा निदान सोबत सुरू झाले पाहिजेत.

सावधान: बरीच वर्षे भरपूर दारू पिणाऱ्या माणसाला ‘आजपासून एक थेंब नाही’ अशी शपथ देवासमोर घालू नये. दारू एकाएकी तोडल्यास हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

पायरी २: प्रश्न एका वाक्यात लिहा

दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, एकच वाक्य लिहावे: ‘आम्ही समुपदेशनाला कशासाठी जात आहोत?’ हे काम पाच मिनिटांचे वाटते. प्रत्यक्षात लोक त्यावर दोन दिवस अडकतात, आणि ते अडकणे उपयोगाचे असते.

‘त्याला समजावून सांगा’, ‘तिचा स्वभाव बदला’, ‘कोण बरोबर ते ठरवा’ ही वाक्ये खोडून पुन्हा लिहावीत, कारण त्यांत समुपदेशकाला पंच केलेले आहे. चालणारे वाक्य असे असते: ‘पैशांचा विषय निघाला की आमचे बोलणे दहा मिनिटांत आवाज चढवण्यावर येते, ते थांबवायचे आहे.’ किंवा ‘एकत्र राहायचे की नाही, हे मला ठरवता येत नाही.’ दुसरे वाक्य लिहायला धैर्य लागते, पण ते मनात ठेवून ‘संवाद सुधारायला’ आलेले माणूस स्वतःचा आणि समोरच्याचा वेळ घालवते.

तपासणी: तुमच्या वाक्यात ‘मी’ किंवा ‘आम्ही’ आहे का? फक्त ‘तो’ किंवा ‘ती’ असेल तर कागद उलटा करून पुन्हा सुरुवात करा.

पायरी ३: जोडीदाराला विचारा

बहुतेक प्रयत्न याच पायरीवर संपतात. भांडण शिगेला पोचल्यावर ‘तुला कौन्सेलिंगची गरज आहे’ असे फेकून मारले की समोरून ‘मी काय पागल आहो का?’ हेच उत्तर येणार, आणि त्यानंतर सहा महिने तो शब्द घरात काढता येत नाही.

विचारण्याची वेळ निवडावी. भांडणानंतर किमान एक दिवस गेलेला असावा, दोघांचे पोट भरलेले असावे, आणि घरातले तिसरे माणूस ऐकण्याच्या अंतरावर नसावे. एकत्र कुटुंबात अशी जागा घरात मिळत नाही. म्हणून जेवणानंतर फुटाळ्याकडे किंवा अंबाझरीकडे चक्कर मारायला निघावे आणि चालता चालता बोलावे. चालताना एकमेकांकडे पाहावे लागत नाही, त्यामुळे अवघड वाक्य बोलायला सोपे जाते. बोलणे स्वतःपासून सुरू करावे: ‘माझे तुझ्याशी बोलणे नीट होत नाही, मला ते शिकायचे आहे, पण एकटीला ते जमणार नाही. दोनच भेटी करून पाहू, नंतर तू नाही म्हटलेस तरी चालेल.’ दोन भेटींची मर्यादा खरी असावी. ती नुसती युक्ती असेल तर कळते.

जोडीदार ठाम नाही म्हणाला तर एकट्याने सुरुवात करावी. एकाच्या वागण्याची पद्धत बदलली तरी भांडणाचा ठरलेला घाट मोडतो, आणि कित्येकदा दुसरे माणूस चौथ्या-पाचव्या भेटीला ‘माझ्याबद्दल काय सांगून राहिली ते पाहायला’ म्हणून का होईना, येते.

सावधान: जोडीदाराला ‘डॉक्टरांकडे बीपी दाखवायला’ असे खोटे सांगून समुपदेशकाच्या दारात उभे करू नये. ही चूक बहुधा प्रेमळ नातेवाईकच करतात, आणि ती भरून निघायला फार वेळ लागतो.

पायरी ४: समुपदेशक निवडा

पाट्या वाचताना फरक लक्षात घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस.नंतर त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि ती परिषदेच्या नोंदवहीत पाहता येते. केवळ ‘समुपदेशक’ असे लिहिणाऱ्यांत मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एम.ए., एम.एस.डब्ल्यू. करून वर्षानुवर्षे काम केलेले लोक असतात, आणि शनिवार-रविवारचा छोटा कोर्स केलेलेही असतात. त्यामुळे विचारणे हाच मार्ग आहे, आणि विचारल्यावर राग येणाऱ्याकडे जाऊ नये.

फोनवर पुढील गोष्टी विचाराव्यात: शिक्षण काय आहे, जोडप्यांबरोबर काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, एका भेटीची फी व वेळ किती, ऐनवेळी रद्द केल्यास फी लागते का, मराठीत किंवा हिंदीत बोलता येईल का. शिवाय एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही: ‘आमच्यापैकी एकाने तुम्हाला एकट्याला काही सांगितले, तर तुम्ही ते दुसऱ्यापासून लपवता का?’ काही समुपदेशक एकांतात सांगितलेले गुपित ठेवतात, काही गुपित न ठेवण्याची अट आधीच घालतात. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत, पण कोणती ते आधी माहीत हवे. चौथ्या भेटीत कळले तर फसवल्यासारखे वाटते.

नागपुरात दोन अनोळखी माणसांची ओळख निघायला फार तर दोन वाक्ये लागतात: ‘मूळचे कुठले?’ आणि ‘आडनाव काय?’ म्हणून नात्यातल्या, सोसायटीतल्या किंवा मुलांच्या शाळेच्या ओळखीतल्या समुपदेशकाकडे जाऊ नये, तो कितीही चांगला असला तरी. महालात राहणाऱ्यांनी मनीषनगरला आणि मनीषनगरच्यांनी सदरला जाण्यात काही गैर नाही. जोडीदार पुण्याला नोकरीला असेल तर ऑनलाइन भेटी चालतात, मात्र दोघांनी वेगवेगळ्या बंद खोलीतून आणि हेडफोन लावून बसावे. हॉलमध्ये सासूबाई भाजी निवडत असताना केलेली ऑनलाइन भेट मी पाहिलेली आहे.

सावधान: ‘तीन भेटींत शंभर टक्के गॅरंटी’ देणारा, पहिल्याच भेटीत एकाची बाजू घेणारा, पत्रिका मागणारा किंवा दहा भेटींचे पैसे आगाऊ घेणारा, या चौघांकडून नमस्कार करून परत यावे.

पायरी ५: पहिल्या भेटीची तयारी करा

भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. त्यानंतर किमान एक तास मोकळा ठेवावा. भेटीतून थेट बारशाला किंवा ऑफिसच्या मीटिंगला जाऊ नये. मुलांची सोय आधी करावी. ‘समजावायला सोबत’ म्हणून आई, भाऊ किंवा मावशीला नेऊ नये. त्यांना बोलवायचे असेल तर ते समुपदेशक पुढे ठरवतात. नागपूरच्या मे महिन्यात दुपारची वेळ घेऊ नये, हा सल्ला विनोद वाटेल, पण पंचेचाळीस अंशांतून दुचाकीवर आलेली दोन माणसे पहिली वीस मिनिटे फक्त तापलेली असतात.

पहिल्या भेटीत बहुधा दोघांना एकत्र ऐकले जाते, नंतर प्रत्येकाला एकेकट्याने, आणि त्यानंतर काय करायचे ते ठरते. म्हणजे पहिल्या दोन-तीन भेटींत उपाय मिळत नाही, मिळायची अपेक्षाही ठेवू नये. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट, कॉलच्या रेकॉर्डिंग आणि पुराव्यांची फाइल घरी ठेवावी. चालू औषधांची यादी मात्र न्यावी, ती लोक हटकून विसरतात.

पायरी ६: आपल्या टप्प्याचे काम ओळखा

*साक्षगंधाआधी.* या टप्प्यावरचे समुपदेशन दोन-चार भेटींत संपते. त्याची योग्य वेळ म्हणजे पसंती झाल्यानंतर आणि बैठकीत तारीख ठरण्याआधी. हॉलचा अॅडव्हान्स भरला, पत्रिका छापायला गेल्या की कोणीही खरे बोलत नाही. राहायचे कुठे आणि कोणाबरोबर, कोणाच्या नावावर किती कर्ज आहे, नोकरीसाठी शहर बदलायला कोण तयार आहे, मूल हवे का आणि केव्हा, दोन्हीकडच्या आई-वडिलांचा खर्च व आजारपण कसे वाटून घ्यायचे, हे विषय दोघांनी एकत्र बोलावेत. ‘लग्नानंतर पाहू’ हे उत्तर ज्या विषयावर येईल, त्या विषयावर थांबावे.

विदर्भात या यादीत सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आलीच पाहिजे. वाहक व्यक्ती निरोगी दिसते आणि असते, म्हणून कोणालाच संशय येत नाही. मात्र दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्हीपासून मुक्त असण्याची २५ टक्के असते. हा हिशेब दर वेळी नव्याने लागू होतो. पहिले बाळ आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा त्याचा अर्थ नाही. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, त्यामुळे ती पॉझिटिव्ह आली तर एच.पी.एल.सी. किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्के निदान करणारी रक्ततपासणी करून घ्यावी. २०२३ पासून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि सरकारी रुग्णालयांत ही तपासणी होते.

येथे तीन चुका वारंवार होतात. तपासणी फक्त मुलीची करतात. ती दोघांची हवी. अहवाल नातेवाईकांच्या ग्रुपवर फिरतो. तो दोघांत आणि डॉक्टरांतच राहावा. आणि ‘वाहक’ शब्द ऐकताच स्थळ मोडतात. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचा अहवाल पूर्णपणे सामान्य असेल तर मुलाला आजार होत नाही. दोघे वाहक असले तरी लग्न करायचे की नाही हा निर्णय त्या दोघांचा आहे. आनुवंशिकतेचे समुपदेशन त्यांना गर्भाच्या तपासणीसह सगळे पर्याय समजावून देण्यासाठी असते.

तपासणी: दोघांचे अहवाल हातात आहेत का, आणि ते दोघांनी एकत्र बसून डॉक्टरांकडून समजून घेतले आहेत का? दोन्ही उत्तरे ‘हो’ असतील तरच बैठकीची तारीख काढावी.

*लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षे.* मी सर्वांत जास्त वेळ येथे घालवते, कारण येथे थोड्या कामाने बरेच सुधारते. भांडणाचा विषय सासू, स्वयंपाक किंवा पगार असतो, पण बिघाड बहुधा ऐकण्यात असतो. त्यासाठीचा सराव साधा आहे आणि घरी करता येतो. एकाने दोन-तीन वाक्ये बोलायची, दुसऱ्याने उत्तर न देता ती आपल्या शब्दांत परत सांगायची, ‘बरोबर का?’ असे विचारायचे, आणि पहिल्याने ‘हो’ म्हटल्यावरच आपले म्हणणे मांडायचे. प्रत्येकी दहा मिनिटे, घड्याळ लावून.

प्रत्यक्षात ते कसे बिघडते आणि कसे सुधारते, ते एका जोडप्याच्या उदाहरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा पुण्याला, बायको नागपुरात सासरी, भेट शनिवार-रविवारची.

ती म्हणाली, “शनिवारी सकाळी तू येतोस आणि दिवसभर आईजवळ बसतोस. मी सगळं आवरून खोलीत येते तेव्हा तू झोपलेला असतोस.”

तो म्हणाला, “म्हणजे माझ्या आईचा तुला त्रास होऊन राहिला.”

मी त्याला थांबवले आणि फक्त ऐकलेले परत सांगायला सांगितले. तीन प्रयत्न झाले. चौथ्यांदा तो म्हणाला, “मी घरी येतो, पण तुझ्या वाट्याला येत नाही. असं म्हणून राहिली का तू?”

ती म्हणाली, “हो. तेवढंच.”

त्यानंतर शनिवारच्या रात्री कशा ठेवायच्या हे ठरवायला त्यांना माझी गरज फारशी लागली नाही. हा सराव भांडण पेटलेले असताना करू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करताना दाखवले की राग चढला की शरीरही तापते, नाडी धावते, आणि अशा अवस्थेत ऐकलेले डोक्यात शिरत नाही. म्हणून थांबायचे असेल तर किमान वीस मिनिटे थांबावे, आणि ‘साडेनऊला पुन्हा बसू’ असे वेळ सांगून उठावे. वेळ न सांगता उठणे म्हणजे अबोल्याची सुरुवात.

*बाळ झाल्यावर.* पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत असल्याने कित्येक जोडपी ऐन गरजेच्या काळात तीन-चार महिने वेगळी राहतात, आणि बायको परत येते तेव्हा बाप बाळाला धरायलाही बिचकतो. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे सामान्य आहे आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळाविषयी काहीच वाटत नसेल किंवा भीतीदायक विचार येत असतील, तर समुपदेशनाआधी डॉक्टर. ‘सगळ्याच बाया बाळंत होतात’ हे वाक्य या टप्प्यावर घरात बंद करावे. आजार नसेल तर समुपदेशनात मुख्यतः रात्रीच्या जागरणाची वाटणी, पाहुण्यांवर मर्यादा आणि शरीरसंबंधाची घाई न करणे, एवढे तीनच विषय घ्यावेत. बाकीचे थांबू शकतात.

*मधली वर्षे.* गृहकर्ज, मुलांची बारावी, आई-वडिलांची आजारपणे यांत नवरा-बायकोचे बोलणे निरोपांवर येते: सिलिंडर संपला, फी भरली का. गॉटमन यांनी चार सवयी घातक म्हणून वेगळ्या काढल्या: माणसाच्या स्वभावावर टीका, तुच्छता, प्रत्येक गोष्टीवर बचाव, आणि भिंतीसारखे गप्प होणे. त्यांतली तुच्छता सर्वांत वाईट. नाक मुरडणे, मुलांसमोर ‘तुझ्या बापाला काय कळते’ असे म्हणणे, माहेराचा किंवा सासरच्या गावाचा उद्धार करणे हे आधी थांबवावे, संवादाचे तंत्र नंतर शिकावे.

बाहेरच्या संबंधाचा प्रश्न असेल तर क्रम चुकवू नये. प्रथम तो संबंध तुटला पाहिजे. तो चालू असताना एकत्र समुपदेशन म्हणजे दोन्हीकडे आशा लावून ठेवणे. नंतर काय घडले ते एकदा, समुपदेशकासमोर, सांगितले जावे. त्यानंतर विश्वासाचे काम, जे महिन्यांत मोजावे लागते. रोज फोन तपासल्याने दुखावलेल्या माणसाला तासभर बरे वाटते आणि मग पुन्हा तपासावेसे वाटते, म्हणून तपासणीची मुदत व पद्धत दोघांनी ठरवून घ्यावी.

*निवृत्तीनंतर.* मुले पुण्या-बंगळुरूला आणि निवृत्त गृहस्थ दिवसभर घरात. पस्तीस वर्षे बाईंनी एकटीने चालवलेल्या स्वयंपाकघरात ते सांबार, म्हणजे कोथिंबीर, कसा निवडावा हे शिकवू लागतात. येथे दोन-तीन भेटी पुरतात. दिवसाची वेळ, जागा आणि घरकाम नव्याने वाटून घेणे एवढेच काम असते. मात्र अचानक विसराळूपणा किंवा स्वभावातला बदल दिसला तर वैद्यकीय तपासणी आधी करावी.

*वेगळे होण्याच्या उंबरठ्यावर.* येथे एक जण जायला निघालेला असतो आणि दुसरा धरून ठेवत असतो. अशा वेळी ‘नाते सुधारण्याचे’ समुपदेशन लादू नये. प्रथम काही मोजक्या भेटींत तीन पर्याय मांडावेत: आहे तसे चालू ठेवणे, वेगळे होणे, किंवा ठरावीक मुदतीसाठी मनापासून प्रयत्न करणे. तिसरा पर्याय दोघांनी निवडला तरच पुढचे काम सुरू होते.

कायद्याची चौकट माहीत असावी. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा बौद्ध, जैन आणि शीख धर्मीयांनाही लागू आहे. त्याखाली लग्नाला एक वर्ष होण्यापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास, घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. परस्परसंमतीने घटस्फोटासाठी कलम १३-ब आहे: किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिन्यांचा काळ असतो. तो सहा महिन्यांचा काळ परिस्थिती पाहून माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो, आणि त्यासाठी विवाह समुपदेशक असतात.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयात जाणाऱ्यांची नेहमीची चूक अशी की ते न्यायालयातील समुपदेशकाला न्यायाधीश समजतात आणि त्यांच्यापुढे खटला लढवतात. समुपदेशक निकाल देत नाहीत. त्यांच्यापुढे मुलांची राहण्याची सोय, भेटीचे दिवस, शाळेचा खर्च, स्त्रीधन यांविषयी काय चालेल आणि काय चालणार नाही, एवढे स्पष्ट सांगावे. वेगळे व्हायचे ठरले तरी समुपदेशन फुकट गेले असे समजू नये; मुलांना कोणी, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या दिवशी सांगायचे, हे ठरवण्यासाठीच कित्येकदा ते सर्वांत उपयोगी पडते.

सावधान: मुलाला ‘तुला आई पाहिजे का बाबा?’ असे विचारू नये, गमतीनेही नाही.

पायरी ७: दोन भेटींच्या मधले दिवस सांभाळा

काम भेटीत कमी आणि मधल्या दिवसांत जास्त होते. भेटीतून निघाल्यावर गाडीत त्या भेटीची चिरफाड करू नये. ‘पाहिलंस, मॅडमपण हेच म्हणाल्या’ हे वाक्य तर मुळीच नको. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या विषयावर न बोलण्याचा नियम दोघांनी घालून घ्यावा. दिलेला सराव आठवड्यातून दोनदा, ठरल्या वारी करावा; ‘वेळ मिळाला की करू’ म्हटले की तो होत नाही. माहेरी किंवा मित्रांना काय सांगायचे हे दोघांनी मिळून ठरवावे. एक वाक्य पुरते: ‘आम्ही बोलत आहोत, झाले की सांगू.’

तिसऱ्या-चौथ्या भेटीच्या सुमारास भांडणे वाढल्यासारखी वाटतात, कारण दाबलेले विषय वर आलेले असतात. बरेच जण इथेच सोडतात. सोडण्यापूर्वी ही गोष्ट समुपदेशकाला स्पष्ट सांगावी.

तपासणी: भांडणे वाढली आहेत की नुसती उघडी झाली आहेत? आवाज चढतो पण भीती वाटत नाही, तर पुढे जा. घरात भीती वाटू लागली असेल तर ताबडतोब पायरी १ वर परत या.

पायरी ८: आढावा घ्या आणि थांबा

सहाव्या भेटीला पायरी २ मधले दोन्ही कागद काढावेत आणि मोठ्याने वाचावेत. त्या वाक्यात लिहिलेले काही हलले आहे का, हे दोघांनी वेगवेगळे सांगावे. काहीच हलले नसेल तर समुपदेशक बदलण्याचा विषय त्यांच्यासमोरच काढावा. चांगला समुपदेशक स्वतःच दुसऱ्याचे नाव सुचवतो. न सांगता जाणे बंद करणे ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे.

हलले असेल तर भेटी पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्याव्यात. शेवटच्या भेटीत तीन महिन्यांनंतरची एक तारीख घेऊन ठेवावी, आणि त्या दिवशी सगळे ठीक असले, पुण्याहून येणाऱ्याची गाडी उशिरा पोचली किंवा घरी पाहुणे आले, तरी ती भेट रद्द करू नये.